टाटावाले आणि लेलंडवाले: ट्रकच्या कंपनीवरची निष्ठा येते कुठून?

निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात ट्रकवाल्यांच्या गप्पांत सध्या एक प्रश्न सारखा निघतो: "टाटा आता इटलीची होणार काय?" त्यामागे बातमी खरी आहे, फक्त ती उलटी पोचली आहे. २०२५च्या जुलैमध्ये टाटा मोटर्सनं इटलीतल्या तुरिनमधून चालणारी इव्हेको ही ट्रक कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. संरक्षण विभाग वगळून बाकीचा धंदा, किंमत सुमारे ३८० कोटी युरो. म्हणजे टाटा घेणारी आहे, विकली जाणारी नाही. त्यातच १ ऑक्टोबर २०२५पासून टाटा मोटर्सचे दोन भाग झाले. ट्रक-बसच्या कंपनीकडे 'टाटा मोटर्स' हे नाव राहिलं आणि मोटारींची कंपनी वेगळ्या नावानं उभी राहिली. त्याच वर्षी महिंद्रानं एसएमएल इसुझू ही ट्रक-बसची कंपनी ताब्यात घेतली. सप्टेंबरमध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, त्यामुळे नवी गाडी घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली, हा विषय घराघरांत परत निघाला.

आणि हा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतातच. एका घरात तीन पिढ्या टाटा, शेजारच्या घरात "लेलंडशिवाय दुसरं दारात उभं करणार नाही". बाहेरच्या माणसाला हा नुसता हट्ट वाटतो. मला तो हट्ट वाटत नाही. या निष्ठेच्या पोटात फार बारीक हिशेब आहे आणि तो हिशेब ट्रक चालवून पोट भरणाऱ्या माणसांनी अनुभवानं मांडलेला आहे. मात्र २०२०नंतर त्या हिशेबातल्या अर्ध्या रकमा बदलल्या आहेत आणि आपल्यातले बरेच जण अजून जुन्याच आकड्यांवर भांडत आहेत.

आधी गाडीवरचे आकडे वाचू

ट्रकच्या नावातला आकडा हवेतून आलेला नसतो. टाटा १६१३ म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन साधारण १६ टन आणि इंजिनाची ताकद साधारण १३० हॉर्सपॉवर. पहिले दोन आकडे टनांचे, पुढचे दोन ताकदीचे, त्यापुढे मनानं शून्य लावायचं. २५१८ म्हणजे २५ टन, १८०. ३११८ म्हणजे ३१ टन, १८०. लेलंडनंही हीच पद्धत ठेवली. आयशरनं मध्ये टिंब दिलं: १०.९० म्हणजे दहा टनांच्या आसपासची, ९० हॉर्सपॉवरच्या घरातली गाडी.

हे एकूण वजन म्हणजेच आपण ज्याला 'पासिंग' म्हणतो त्याचं मूळ. त्यातून गाडीचं स्वतःचं, बॉडीसकट वजन वजा केलं की जे उरतं तेवढाच माल कायद्यानं भरता येतो. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारनं ही मर्यादा वाढवली. साध्या सहाचाकी ट्रकची १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. दहाचाकीच्या नावात २५ होतं तिथे २८ आलं. म्हणून आज शोरूममध्ये २५१८ मागितली तर सेल्समन २८ने सुरू होणारी गाडी दाखवतो.

इंजिनाच्या आकड्यांतही अर्थ आहे. टाटाच्या जुन्या ६९७ इंजिनात सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. ४९७मध्ये चार सिलिंडर, व्यास तोच. आकडा वाचता आला की पिस्टन आणि रिंगा कुठल्या चालतील याचा अंदाज येतो, आणि गॅरेजमध्ये बिल समजायलाही मदत होते.

दोन घराणी, आणि त्यांचे परदेशी पाहुणे

टाटाच्या ट्रकची गोष्ट १९५४पासून सुरू होते. त्या वर्षी टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि जर्मनीची डाइमलर-बेन्झ यांच्यात करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. सुरुवातीच्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. जुने लोक त्या गाडीला 'टाटा मर्सिडीज' म्हणत, त्याचं कारण हेच. १९६९मध्ये करार संपला, ताऱ्याच्या जागी इंग्रजी 'टी' आला, पण इंजिनाची जात राहिली. वर सांगितलेलं ६९७ हे त्याच जर्मन घराण्यातलं. पुढे १९९३मध्ये जमशेदपूरलाच अमेरिकन कमिन्सबरोबर भागीदारी झाली आणि टाटाच्या मोठ्या गाड्यांत कमिन्स इंजिन आलं.

लेलंडची मुळं दक्षिणेत. रघुनंदन सरन यांनी १९४८मध्ये अशोक मोटर्स सुरू केली, नाव आपल्या मुलाचं दिलं. आधी ऑस्टिन मोटारी जोडल्या. १९५५मध्ये इंग्लंडची लेलंड कंपनी भागीदार झाली आणि अशोक लेलंड हे नाव पडलं. चेन्नईजवळच्या एन्नोरच्या कारखान्यातून निघालेली 'कॉमेट' ही दक्षिण भारतातल्या रस्त्यांची ओळखच झाली. १९८७मध्ये इंग्रज मालक बाजूला झाले आणि त्यांची जागा हिंदुजा समूह आणि इव्हेको यांनी मिळून घेतली.

होय, तीच इव्हेको. लेलंडची 'कार्गो' नावाची चपट्या तोंडाची गाडी ज्यांना आठवते, तिची केबिन इव्हेकोकडून आली होती. पुढे हिंदुजांनी इव्हेकोचा हिस्साही विकत घेतला आणि तो संबंध संपला. आज तीच इव्हेको टाटाच्या घरात येते आहे. इंजिनाच्या बाबतीत लेलंडनं जपानच्या हिनोशीही हातमिळवणी केली होती.

बाकीच्यांचंही असंच आहे. आयशरनं १९८०च्या दशकात मित्सुबिशीबरोबर हलके ट्रक काढले आणि २००८पासून तिची व्होल्वोबरोबर भागीदारी आहे. महिंद्रानं मोठ्या ट्रकची सुरुवात अमेरिकेच्या नॅव्हिस्टारबरोबर केली, ती भागीदारी पुढे सुटली. डाइमलर २०१२मध्ये भारतबेन्झ या नावानं चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यातून स्वतःच बाजारात उतरली. म्हणजे "टाटाचं जुनं इंजिन ते जुनं इंजिन" म्हणणारे आजोबा आणि "बेन्झसारखी गाडी नाही" म्हणणारा त्यांचा नातू एकाच जर्मन कारखान्याचं कौतुक करत असतात.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की 'आपली' कंपनी कधीच एकट्याची नव्हती. गाडी कुणाच्या तंत्रावर उभी आहे हे दर पिढीत बदललं, तरी निष्ठा टिकली. मग ती कशावर टिकली?

फार्गो, डॉज, बेडफर्ड गेले कुठे?

याचं उत्तर हरलेल्या कंपन्यांकडे पाहिलं की लवकर सापडतं. एके काळी फार्गो आणि डॉज ट्रक रस्त्यावर भरपूर होते. मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाईल्स ते बनवायची. हिंदुस्तान मोटर्स बेडफर्ड बनवायची. त्या गाड्यांवर जीव लावणारी माणसंही होती. पण गाड्या कमी विकल्या जाऊ लागल्या, की पार्ट ठेवणारा दुकानदार कमी होतो. पार्ट मिळेना झाला की गाडी दारात उभी राहते, आणि हप्ता मात्र थांबत नाही. मग पुढची गाडी माणूस जी सगळे घेतात तीच घेतो. निष्ठा इथेच मोडते. प्रेम कमी झालं म्हणून नव्हे, बेअरिंग मिळालं नाही म्हणून.

निष्ठेचा हिशेब

आपल्याकडे म्हैस घेताना दूध किती देते एवढंच कुणी विचारत नाही. चारा किती खाते, गावात जनावरांचा डॉक्टर आहे का आणि भाकड झाली तर बाजारात काय येईल, हेही विचारतात. ट्रकचं अगदी तसंच आहे. शोरूमची किंमत हा हिशेबातला एक आकडा झाला. डिझेल, दुरुस्ती, गाडी उभी राहिलेले दिवस आणि विकताना मिळणारी रक्कम हे बाकीचे आकडे, आणि सगळे मिळून पाच-सात वर्षांत ते पहिल्याला मागे टाकतात.

यातला विक्रीचा आकडा सगळ्यांत कमी समजून घेतला जातो. जुन्या ट्रकवर कर्ज देणारी श्रीराम फायनान्ससारखी कंपनी गाडी बघताना एकच गोष्ट शोधते: हप्ते थकले आणि गाडी ओढून न्यावी लागली, तर ती किती दिवसांत आणि कितीला विकली जाईल? जी गाडी चटकन विकली जाते तिच्यावर जास्त कर्ज मिळतं. जास्त कर्ज मिळतं म्हणून तिला गिऱ्हाईक जास्त. गिऱ्हाईक जास्त म्हणून भाव टिकतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की त्या भागात ती कंपनी रुजते, आणि तिच्याहून थोडी चांगली गाडी बाजारात आली तरी तिला आत शिरायला वर्षानुवर्षं लागतात.

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे. गाड्यांचे नंबर बघा: केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, केए ४९ गोकाक, आणि कोगनोळी नाका ओलांडला की एमएच ०९ कोल्हापूर. दोन्हीकडे नातेवाईक, दोन्हीकडे धंदा. पण कर्नाटकातली गाडी कायमची महाराष्ट्रात विकायची तर इकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला (एनओसी), तिकडचा टॅक्स, नवा नंबर, आणि त्यात जाणारे दिवस. म्हणून आपला माणूस शक्यतो अशी गाडी घेतो जी आपल्याच नंबरावर आपल्याच तालुक्यात खपेल. शेजाऱ्याकडे जी आहे ती घेण्यात शहाणपण असतं, ते असं.

जुनी गाडी बघायला जाणारा जाणता माणूस काय करतो ते एकदा जवळून बघा. तो रंगाकडे बघतच नाही. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण उघडतो आणि तळहात वर धरतो. हाताला जोरात भपका बसला, धूर आला, तर रिंगा गेल्या. मग मागच्या कमानीच्या पाट्यांपाशी चेसिसला बोट लावून वेल्डिंगचा टाका शोधतो. कारखान्यातून आलेल्या रिव्हेटच्या जागी बोल्ट दिसले तर गाडी कधीतरी खोलली आहे, म्हणजे एक तर अपघात, नाहीतर बेसुमार ओव्हरलोड. शेवटी पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवतो, ती कड एकीकडूनच झिजली असेल तर पुढच्या ॲक्सलमध्ये काम आहे. हे ज्ञान त्याला एका कंपनीच्या गाडीचं असतं. टाटावाल्याला टाटाची चेसिस कुठे तडकते ते ठाऊक असतं, लेलंडची नसतं. ज्या गाडीचे दोष आपल्याला माहीत आहेत ती गाडी परवडते, आणि निष्ठेचा मोठा भाग या माहितीचाच असतो.

चढाला कुठली ओढते?

गप्पांतला सगळ्यांत तापणारा मुद्दा हा. निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. बेळगावची भाजी रात्री चोर्ला घाटानं गोव्याला उतरते. खानापूर-रामनगरकडून अनमोड, चंदगडकडून आंबोली. या भागात ट्रकची परीक्षा सपाट रस्त्यावर होतच नाही.

हॉर्सपॉवर म्हणजे इंजिन किती वेगानं काम उरकतं त्याचं माप. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा पीळ. भरली गाडी चढावर कमी वेगात असते, तिथे कमी आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर, मिळणारा पीळ उपयोगी पडतो. दोन इंजिनांची हॉर्सपॉवर सारखी असूनही एक घाटात दम धरतं आणि दुसऱ्याला खालचा गिअर टाकावा लागतो, त्याचं कारण हेच.

पण याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती भांडणात कुणी काढत नाही: मागच्या हौसिंगचा रेशो, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या दोन दातेरी चाकांच्या दातांचं प्रमाण. मोठ्या चाकाला, क्राऊनला, ४१ दात आणि लहान चाकाला, पिनियनला, ६ असतील तर रेशो ६.८३. पिनियनला ७ असतील तर ५.८६. पहिल्यात चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त वेळा फिरतं. चढाला ओढ चांगली, पण पुणे-बेंगळूर हायवेवर डिझेल जास्त जातं. दुसऱ्यात नेमकं उलट. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची गाडी दोन रेशोंत येऊ शकते. भाजीवाला एका रेशोची गाडी चालवतो, लांब पल्ल्याचा दुसऱ्या रेशोची, आणि दोघं ढाब्यावर कंपनीवरून भांडतात. माझ्या मते 'आमची ओढते, तुमची ओढत नाही' या वादातला बराचसा भाग पिनियनच्या एका दाताचा आहे.

मालावरही निष्ठा ठरते. गळीत हंगामात उगार, संकेश्वर, अथणी, चिकोडीकडच्या कारखान्यांच्या वाटेवर जुने ट्रक दिसतात ते उगीच नाही. फडातून निघालेला रस्ता काळ्या मातीचा, फेरी छोटी, हंगाम चार-पाच महिन्यांचा. तिथे हप्ता नसलेली, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी गाडी लागते. निपाणीची तंबाखू किंवा बेळगावच्या उद्यमबागेतलं फौंड्रीचं कास्टिंग घेऊन लांब जाणाऱ्याचा हिशेब वेगळा. त्याला वेळेवर पोचायचं असतं. छोट्या मालाला तर तिसरंच जग आहे. १९८६ची टाटा ४०७, २००५ची टाटा एस, जिला सगळे छोटा हत्ती म्हणतात, आणि मग लेलंडची दोस्त आणि महिंद्राचा बोलेरो पिकअप. तिथे टाटा-लेलंड हा वाद फारसा चालतच नाही.

"पण माझ्या गाडीनं इंजिन न खोलता इतकी वर्षं काढली!"

काढली असतील. पण त्यात कंपनीचा वाटा किती आणि ड्रायव्हरचा किती, हे एका गाडीवरून कळत नाही. वेळेवर ऑईल बदललेली, पासिंगएवढाच माल भरलेली, एकाच हातात राहिलेली कुठलीही गाडी दीर्घकाळ चालते. शिवाय जी गाडी टिकली तिचीच गोष्ट सांगितली जाते. जी तिसऱ्या वर्षी भंगारात गेली तिच्या मालकानं धंदा सोडलेला असतो, तो गप्पांना नसतोच.

आणखी एक. जुन्या गाड्यांची बॉडी आणि पुष्कळदा केबिनसुद्धा कंपनीची नसे. कंपनी चेसिस आणि पुढचा पत्रा देई, लाकडी-लोखंडी केबिन आणि बॉडी बांधणारा इथलाच. तिचे फाळके, तिची उंची, तिचं वजन सगळं त्याच्या हातचं. त्यामुळे 'लेलंड जड पडते', 'टाटा हलकी' या जुन्या वाक्यांत बॉडीवाल्या मेस्त्रीचा हिशेबही मिसळलेला आहे.

मोठे मालक काय करतात?

ज्यांच्याकडे शंभर गाड्या आहेत ते भावनेवर चालत नाहीत, असं आपण धरून चालतो. पण एकाच कंपनीला धरून राहण्याचं कारण त्यांच्याकडे उलट जास्त असतं. एकच स्टोअर, एकाच मापाचे फिल्टर, क्लच प्लेट, ब्रेक लायनर. एकाच गाडीवर शिकलेले मेस्त्री. या गाडीचा गिअरबॉक्स काढून त्या गाडीला. विजय संकेश्वर यांनी १९७६मध्ये गदगला एका ट्रकवर सुरू केलेला धंदा पुढे व्हीआरएल ही मोठी वाहतूक कंपनी झाला, आणि हुबळीजवळ वरूरला त्यांचं स्वतःचं मोठं वर्कशॉप उभं राहिलं. वर्कशॉप स्वतःचं असलं की एखादी नवी कंपनी आणणं म्हणजे एक नवं स्टोअर आणि नवं शिक्षण उभं करणं असतं. ते फुकट होत नाही. एका गाडीच्या मालकाकडे वर्कशॉप नसतं, त्याचं वर्कशॉप म्हणजे बेळगावचं ऑटोनगर. तिथे ज्या गाडीचे पार्ट आणि मेस्त्री जास्त, तीच त्याची कंपनी.

२०२०नंतर काय बदललं

१ एप्रिल २०२०पासून बीएस-सहा लागू झालं. धुरातला विषारी वायू आणि काजळी कमी करण्याचे हे नियम. ते हवेच होते, धुराचा पहिला घास ड्रायव्हर, क्लीनर आणि रस्त्याकडेची वस्तीच घेत होती. पण त्यासाठी इंजिनाच्या आसपास सगळी नवी यंत्रणा आली.

जुन्या गाडीत डिझेल पंप पूर्ण यांत्रिक. बेंगळूरच्या मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा पंप बांधणारी माणसं गावोगाव होती. नोझल काढायचा, दाब बघायचा, परत बसवायचा. नव्या गाडीत डिझेल किती आणि कधी जायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. धुराड्यात आपण ज्याला 'युरिया' म्हणतो ते द्रव फवारलं जातं. ते ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध पाणी असतं. शेतातला युरिया विहिरीच्या पाण्यात कालवून टाकणाऱ्यांची पूर्ण यंत्रणा जाते, तेव्हा हा प्रयोग कुणी करू नये. टाकी रिकामी झाली तर गाडी स्वतःहून ताकद कमी करते.

शिवाय काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो भरला की जास्त उष्णतेनं जाळून साफ करावा लागतो. हायवेवर सलग पळणाऱ्या गाडीत हे आपोआप होतं. कारखान्याच्या यार्डात उसाच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या, मग चार किलोमीटर जाऊन परत उभ्या राहणाऱ्या गाडीत ती उष्णता तयारच होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. मालक म्हणतो कंपनी वाईट. दोष बहुतेक वेळा कामाच्या पद्धतीचा असतो आणि असा दिवा कुठल्याही कंपनीच्या गाडीत लागेल.

आता तो दिवा विझवायला लॅपटॉप लागतो. झाकणावर हात धरून आजार सांगणारा मेस्त्री इथे अडतो. त्याची चूक काहीच नाही, त्याला ते सॉफ्टवेअर सहज मिळत नाही. अशा मेस्त्रींना कंपन्यांनी आणि आयटीआयनी हे शिक्षण द्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या हातांनी या भागातली वाहतूक इतकी वर्षं चालली ते हात बाजूला पडणं हे सगळ्यांचंच नुकसान आहे.

निष्ठेच्या हिशेबात याचा अर्थ साधा आहे. पूर्वी प्रश्न होता 'याचा मेस्त्री आणि पार्ट गावात आहे का?' आता प्रश्न आहे 'याचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, रात्री फोन उचलतं का, आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर किती तासांत माणूस येतो?' टाटा आणि लेलंडचं जाळं जुनं आणि दाट, ही त्यांची खरी ताकद. भारतबेन्झ, आयशर, महिंद्रा यांना जागा मिळाली तीही इथेच: लांबणारी वॉरंटी, वार्षिक देखभाल करार. महिंद्रानं २०१६मध्ये ब्लाझो आणताना तर जास्त ॲव्हरेज मिळालं नाही तर गाडी परत करा, असं वचन दिलं होतं. यातलं प्रत्येक वचन मालकाच्या जुन्या भीतीवर बेतलेलं आहे.

ड्रायव्हर कुणाच्या बाजूनं?

मालकाच्या निष्ठेवर पुष्कळ बोललं जातं, ड्रायव्हरच्या निष्ठेवर कुणी विचारत नाही. गाडीत दिवसरात्र तो असतो. क्लच किती जड, स्टिअरिंग किती मोकळं, झोपायची फळी किती लांब, इंजिनाची धग पायाला किती लागते, हे त्याला ठाऊक. एप्रिलमध्ये गोकाक-अथणीकडच्या उन्हात दुपारी जुन्या केबिनमध्ये बसून बघा.

२०२५पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. "एसीनं डिझेल जातं, ड्रायव्हर झोपतो" असा आक्षेप मालकांकडून ऐकू येतो. डिझेल थोडं जातं हे खरं. पण झोप उष्म्यानं आणि थकव्यानं येते, थंड केबिननं नव्हे. चांगला ड्रायव्हर मिळणं आज अवघड झालं आहे, आणि तो गाडी बघून नोकरी धरतो. पुढच्या काही वर्षांत आपल्या भागात कुठली कंपनी चालते हे ठरवण्यात ड्रायव्हरचा वाटा वाढणार, आणि तो वाढायलाच हवा.

ज्यांच्याकडे ट्रकच नाही त्यांचं काय?

निष्ठा फक्त मालकांची नाही. हायवेच्या कडेच्या गावांतली पोरं आवाजावरून गाडी ओळखतात. फोमशीट आणि पुठ्ठा कापून हुबेहूब ट्रक करतात, आरशापासून मडफ्लॅपपर्यंत. त्यांचा वाद हिशेबाचा नसतो. वडील, मामा, गल्लीतला ड्रायव्हर ज्या गाडीवर होता ती गाडी त्यांची. त्याला चूक म्हणायचं काहीच कारण नाही.

या ट्रकप्रेमात मला सगळ्यांत भावतं ते हे, की त्याचे तट भाषेवरून पडत नाहीत. सीमाभागात एवढ्या गोष्टी भाषेवरून वाटल्या गेल्या, पण ट्रकच्या तोंडावर सौंदत्तीची यल्लम्मा, जोतिबा आणि छत्रपती शिवाजी महाराज एकत्र असतात, पाठीमागे मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं असतात, आणि मराठी मालकाचा लेलंड कन्नड मेस्त्री खोलतो. दोघंही लेलंडवाले, म्हणून ते एका बाजूचे.

इव्हेको आल्यानं आपल्या गाडीचं काय होईल?

आज दारात उभ्या असलेल्या गाडीचं काहीच होणार नाही. कंपनीचे शेअर वेगळे झाले म्हणून क्लच प्लेटचा नंबर बदलत नाही, वॉरंटीही जात नाही. इव्हेकोचा पसारा मुख्यतः युरोप आणि दक्षिण अमेरिकेत आहे. टाटाला तिकडचा बाजार आणि तिकडचं इंजिनांचं तंत्र हवं आहे. एखादं इव्हेकोच्या जातीचं इंजिन भारतीय गाडीत बसलंच, तर त्याला वेळ लागेल, आणि आपल्यासाठी ती गोष्ट नवी नसेल. मर्सिडीज, कमिन्स, हिनो सगळी इथे येऊन आपल्या मेस्त्रींच्या हाताखालून गेली आहेत.

तोवर नवी गाडी घेणाऱ्यानं कंपनीच्या नावाआधी काही गोष्टी लिहून घ्याव्यात. आपल्या रूटला हौसिंगचा कुठला रेशो देणार. अधिकृत सर्व्हिस सेंटर बेळगावात की थेट हुबळी-कोल्हापूरला. युरिया आणि फिल्टर साफ करण्याचा खर्च वॉरंटीत धरला आहे का. पाच वर्षं झालेली त्याच मॉडेलची गाडी आपल्या तालुक्यात आज कितीला जाते. आणि जो ड्रायव्हर ती चालवणार आहे, त्याला टेस्ट ड्राइव्हला बरोबर न्यावं, भरलेल्या गाडीनं तवंदी चढवून बघायला सांगावं. शोरूमवाले रिकामी गाडी सपाट रस्त्यावर दाखवतात, माल भरून घाटात न्यायची मागणी आपणच करावी लागते.